संचित कार्यविधी आणि कोष्टकांतील नोंदी

माहिती साठविणे आणि साठविलेली माहिती हवी तेव्हा परत मिळविणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली तुलनेने सोपी आहे. जुन्या दप्तरखान्यांत कागदांचे गठ्ठे रुमालांत बांधून फडताळांत रचून ठेवीत. ते रचण्यास फारसे ज्ञान लागत नसे. परंतु अमुक वर्षाच्या अमुक व्यवहाराचा कागद काढून द्या असे कोणी म्हटले, म्हणजे कोणता रुमाल सोडावयाचा हे ठाऊक असलेला कारकूनच पुढे यावा लागे. कागद मागणारा स्वतः फडताळात हात घालीत नसे. काय हवे ते तो चिठ्ठीवर लिहून देई आणि कारकून तेवढाच कागद आणून त्याच्यापुढे ठेवी. संगणकावरील डेटाबेसमध्ये ह्या कारकुनाचे काम करणारी जी एक योजना आहे, तिला संगणक-व्यवसायात ‘स्टोअर्ड प्रोसीजर’ असे नाव आहे. येथे आपण तिला ‘संचित कार्यविधी’ म्हणू. नोंदी शोधून काढण्याच्या कामी तिचा उपयोग कसा होतो, आणि तो करताना कोणती दक्षता घ्यावी लागते, हे पाहण्याचा ह्या पाठाचा उद्देश आहे.

संबंधाधिष्ठित डेटाबेसची कल्पना आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड ह्यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात मांडली. त्यापूर्वीच्या पद्धतींत माहिती मागणाऱ्यास ती कोठे व कोणत्या वाटेने सापडेल हेही सांगावे लागे. कॉड ह्यांचे म्हणणे असे की, सर्व माहिती साध्या कोष्टकांत मांडावी, आणि मागणाऱ्याने काय हवे एवढेच सांगावे; वाट शोधणे हे प्रणालीचे काम. ह्या विचारास अनुसरून डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस ह्यांनी १९७४ साली ‘सीक्वेल’ नावाची पृच्छाभाषा पुढे आणली. तीच पुढे ‘एसक्यूएल’ ह्या नावाने सर्वत्र रूढ झाली आणि १९८६ साली अमेरिकेत तिला प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला.

उदाहरण घ्यावयाचे तर ते वाचकास स्वतः पडताळून पाहता येईल असे असावे. यास्तव येथे ‘नॉर्थविंड’ ह्या डेटाबेसची निवड केली आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या ॲक्सेस आणि एसक्यूएल सर्व्हर ह्या प्रणालींबरोबर अभ्यासासाठी म्हणून तो दिला होता, आणि डेटाबेस शिकणाऱ्यांच्या कित्येक तुकड्या त्यावरच शिकल्या. नॉर्थविंड ही खाद्यपदार्थांचा व्यापार करणारी एक कल्पित पेढी आहे. तिच्या ‘कस्टमर्स’ ह्या कोष्टकात ९१ ग्राहक आहेत, ‘ऑर्डर्स’मध्ये ८३० मागण्या आहेत, ‘ऑर्डर डिटेल्स’मध्ये त्या मागण्यांतील २,१५५ ओळी आहेत, आणि ‘प्रॉडक्ट्स’मध्ये ७७ जिन्नस आहेत. मागण्यांचा काळ ४ जुलै १९९६ पासून ६ मे १९९८ पर्यंतचा आहे. हा काळ वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

एकच मोठे कोष्टक न करता चार कोष्टके कशासाठी, असा प्रश्न नवशिक्याच्या मनात येतो. त्याचे उत्तर सोपे आहे. ग्राहकाचा पत्ता त्याच्या प्रत्येक मागणीबरोबर पुन्हा पुन्हा लिहिला, तर पत्ता बदलल्यावर तो अनेक ठिकाणी सुधारावा लागेल आणि एखादे ठिकाण राहून जाईलच. म्हणून पत्ता एकदाच, ग्राहकाच्या नोंदीत लिहावयाचा आणि मागणीच्या नोंदीत त्या ग्राहकाचे सांकेतिक नाव तेवढे ठेवावयाचे. साठविण्याच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम होय. परंतु तिच्यामुळे शोधण्याचे काम वाढते, कारण विखुरलेल्या गोष्टी प्रत्येक वेळी पुन्हा जोडाव्या लागतात.

समजा, बर्लिन येथील ‘आल्फ्रेड्स फुटरकिस्टे’ ह्या ग्राहकाने आजवर कोणकोणते जिन्नस नेले आणि प्रत्येकाचे एकूण किती नग नेले, हे आपणांस हवे आहे. ह्या ग्राहकाचे सांकेतिक नाव पाच रोमी अक्षरांचे आहे. त्याचा उच्चार आपण ‘अल्फकी’ असा करू. हे काम हातांनी करावयाचे झाल्यास प्रथम ‘ऑर्डर्स’ कोष्टकातून अल्फकीच्या मागण्या वेचाव्या लागतील. त्या सहा आहेत: क्रमांक १०६४३, १०६९२, १०७०२, १०८३५, १०९५२ आणि ११०११. मग ह्या सहा क्रमांकांच्या ओळी ‘ऑर्डर डिटेल्स’मधून काढावयाच्या, त्या बारा निघतात. प्रत्येक ओळीत जिनसाचा क्रमांक असतो, नाव नसते. म्हणून नावांसाठी ‘प्रॉडक्ट्स’कडे जावयाचे. शेवटी एकाच जिनसाच्या ओळी एकत्र करून नगांची बेरीज घ्यावयाची. बारा ओळींचे जिन्नस अकराच होतात, कारण ‘रॉस्ले सॉअरक्राउट’ हा आंबवलेल्या कोबीचा पदार्थ दोन मागण्यांत आला आहे. एकीत १५ नग, दुसरीत २; बेरीज १७.

एवढे सर्व काम एका पृच्छेत सांगता येते. परंतु ती पृच्छा ज्याला ज्याला हा प्रश्न पडेल त्याने नव्याने लिहावयाची का? विक्री विभागातील कर्मचारी, हिशेब तपासनीस, ग्राहकाला दूरध्वनीवर उत्तर देणारी मुलगी, ह्या सर्वांना हीच माहिती वारंवार लागते. प्रत्येकाने आपापल्या परीने जोडणी केली तर दहांपैकी एखाद्याची जोडणी चुकेल, आणि चुकलेल्या जोडणीचे उत्तरही दिसावयास नीटनेटकेच असते. म्हणून ही पृच्छा एकदाच, विचारपूर्वक लिहून तिला नाव द्यावे आणि ती डेटाबेसमध्येच ठेवून द्यावी. हाच संचित कार्यविधी. नॉर्थविंडमध्ये ह्या प्रश्नाचा कार्यविधी मुळातच आहे. त्याचे शब्द यंत्रावर रोमी लिपीत असतात. ते देवनागरीत उतरविले असता असे दिसतात:

क्रिएट प्रोसीजर कस्टऑर्डरहिस्ट @कस्टमरआयडी एनकॅर(५)
ॲज
सिलेक्ट प्रॉडक्टनेम, टोटल = सम(क्वांटिटी)
फ्रॉम प्रॉडक्ट्स पी, [ऑर्डर डिटेल्स] ओडी, ऑर्डर्स ओ, कस्टमर्स सी
व्हेअर सी.कस्टमरआयडी = @कस्टमरआयडी
अँड सी.कस्टमरआयडी = ओ.कस्टमरआयडी
अँड ओ.ऑर्डरआयडी = ओडी.ऑर्डरआयडी
अँड ओडी.प्रॉडक्टआयडी = पी.प्रॉडक्टआयडी
ग्रुप बाय प्रॉडक्टनेम

पहिल्या ओळीत कार्यविधीचे नाव आहे, आणि त्यापुढे ‘@’ हे चिन्ह असलेले एक रिकामे स्थान आहे. गणितातील शब्द वापरावयाचा तर हे ‘प्राचल’ होय. छापील अर्जात जशी नाव लिहिण्याची जागा कोरी सोडलेली असते, तशी ही जागा आहे. तीत पाच अक्षरेच मावतील, असेही तेथे सांगून ठेवले आहे. ‘सिलेक्ट’ ह्या शब्दाने सुरू होणारी ओळ कोणते रकाने हवेत हे सांगते, ‘फ्रॉम’ची ओळ कोणत्या कोष्टकांतून, ‘व्हेअर’ची ओळ व तिच्या पुढच्या तीन ओळी कोष्टके कोठे जोडावयाची आणि कोणता ग्राहक घ्यावयाचा हे ठरवितात, आणि अखेरची ओळ जिनसागणिक गट पाडते. आता मागणाऱ्यास एवढेच लिहावे लागते:

एक्झिक्यूट कस्टऑर्डरहिस्ट 'अल्फकी'

आणि अकरा ओळींचे कोष्टक त्याच्यापुढे येते. ॲनिसीड सिरप ६, शार्त्रूझ वेर्त २१, एस्कार्गो द बूर्गोन्य ४० इत्यादी. चार कोष्टकांची नावे, त्यांचे रकाने, त्यांच्यातील संबंध, ह्यांपैकी काहीही त्यास ठाऊक असण्याचे कारण नाही. उद्या डेटाबेसची मांडणी बदलली आणि त्याबरोबर कार्यविधीचा मजकूर सुधारला, तरी मागणाऱ्याची ही एक ओळ जशीच्या तशी राहते.

चिकित्सक वाचकास येथे एक गोष्ट खटकेल. ग्राहकाचे सांकेतिक नाव ‘ऑर्डर्स’ ह्या कोष्टकातही आहे. मग ‘कस्टमर्स’ हे चौथे कोष्टक जोडण्याची गरज काय? वस्तुतः गरज नाही. ते वगळले तरी उत्तरात अक्षराचाही फरक पडत नाही. ह्या वगळता येण्याजोग्या कोष्टकाकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

कार्यविधी डेटाबेसमध्येच साठविण्याची सोय सायबेस कंपनीच्या प्रणालीने १९८७ साली दिली आणि तिच्यामुळे ती लोकप्रिय झाली. ओरॅकलने १९९२ साली, आपल्या सातव्या आवृत्तीत तिचा अंतर्भाव केला. एसक्यूएलच्या प्रमाणग्रंथात तिला १९९६ साली स्थान मिळाले, पण तोवर प्रत्येक कंपनीची बोली निराळी झालेली होती. मायएसक्यूएलमध्ये ही सोय २००५ साली आली. पोस्टग्रेसमध्ये फलन लिहिण्याची सोय जुनी असली, तरी ‘कॉल’ ह्या आज्ञेने बोलावता येणारा खरा कार्यविधी २०१८ सालच्या अकराव्या आवृत्तीत आला. तात्पर्य, वर दिलेला मजकूर एसक्यूएल सर्व्हरच्या बोलीतील आहे. अन्य प्रणालींत शब्द थोडे बदलतील, तत्त्व बदलणार नाही.

आता सुरक्षिततेचा विचार करू, कारण कार्यविधीचे महत्त्व पटण्यास तो अवश्य आहे. एखादा प्रोग्राम ग्राहकाकडून सांकेतिक नाव घेतो आणि ते पृच्छेच्या मजकुरात चिकटवून पृच्छा तयार करतो, अशी कल्पना करा. पृच्छेचा पूर्वार्ध ‘सिलेक्ट * फ्रॉम ऑर्डर्स व्हेअर कस्टमरआयडी =’ असा आहे; त्यापुढे एक अवतरणचिन्ह, मग ग्राहकाने दिलेली अक्षरे, मग पुन्हा अवतरणचिन्ह. सरळ मनुष्य सांकेतिक नाव देईल. परंतु कोणी खोडसाळपणे पुढील अक्षरे दिली तर?

क्ष' ऑर '१' = '१

ह्यातील पहिल्या अवतरणचिन्हाने नाव तेथेच संपते, आणि उरलेली अक्षरे नावाचा भाग न राहता आज्ञेचा भाग होतात. एक बरोबर एक हे नेहमीच खरे असल्यामुळे प्रत्येक नोंद अटीत बसते, आणि एका ग्राहकाच्या मागण्यांऐवजी सर्वच्या सर्व ८३० मागण्या परक्याच्या हाती पडतात. चिठ्ठीवर नाव लिहावयाच्या जागी कोणी ‘आणि बाकीचे सर्व रुमालही’ असे लिहावे, आणि कारकुनाने ते निमूटपणे मानावे, तसा हा प्रकार आहे. त्यास एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात.

हा धोका पुस्तकी नाही. ब्रिटनमधील टॉकटॉक ह्या दूरसंचार कंपनीवर ऑक्टोबर २०१५ मध्ये ह्याच मार्गाने हल्ला झाला. १,५६,९५९ ग्राहकांची वैयक्तिक माहिती बाहेर गेली, आणि त्यांपैकी १५,६५६ जणांच्या बाबतीत बँकेतील खात्याचा तपशीलही गेला. ज्या वेबपृष्ठांतून हल्लेखोर आत शिरला, ती कंपनीने २००९ साली विकत घेतलेल्या दुसऱ्या एका कंपनीच्या ब्रिटनमधील व्यवसायाबरोबर आलेली होती आणि त्यांची नीट तपासणी झालेली नव्हती. तेथील माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने २०१६ साली कंपनीस ४,००,००० पौंडांचा दंड केला. दंडाची रक्कम कंपनीने भरली. परंतु ज्यांची नावे, पत्ते आणि जन्मतारखा बाहेर पडल्या, त्यांना त्या परत मिळण्याचा कोणताच मार्ग नसतो. रुग्णालयातील रोगी, निवृत्तिवेतन घेणारे वृद्ध, परीक्षेस बसलेले विद्यार्थी, ह्या सर्वांच्या नोंदी आज अशाच कोष्टकांत आहेत.

संचित कार्यविधी ह्या धोक्यास आळा कसा घालतो? त्याचा मजकूर अगोदरच निश्चित झालेला असतो. प्राचलाच्या जागी जे येईल ते मूल्य म्हणूनच घेतले जाते. त्याचे आज्ञा म्हणून वाचन होत नाही. वरची खोडसाळ अक्षरे ‘कस्टऑर्डरहिस्ट’ला प्राचल म्हणून दिली, तर त्या नावाचा ग्राहक सापडत नाही आणि उत्तरादाखल रिकामे कोष्टक येते. मात्र हे संरक्षण आपोआप मिळते असा जो समज आढळतो तो भ्रामक आहे. त्यात दोन वाटांनी छिद्र पडू शकते. कार्यविधी बोलावणारा प्रोग्राम जर ‘एक्झिक्यूट कस्टऑर्डरहिस्ट’ ह्या शब्दांपुढे ग्राहकाची अक्षरे चिकटवून आज्ञा तयार करीत असेल, तर पहिल्याच धोक्याची पुनरावृत्ती झाली. मूल्य हे प्राचल म्हणून, आज्ञेपासून वेगळे असे पाठविले पाहिजे. दुसरे छिद्र कार्यविधीच्या आत असू शकते. काही लेखक कार्यविधीतच तुकडे जोडून पृच्छेचा मजकूर बनवितात आणि मग तो चालवितात. असे करणे भागच पडले तर तेथेही प्राचलांचा अवलंब करावा. अन्यथा दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवल्यासारखे होईल.

पाच अक्षरांच्या मर्यादेविषयीही येथेच एक शब्द सांगून ठेवतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्राचलास त्याच्या मर्यादेहून लांब मूल्य दिले, तर जास्तीची अक्षरे गुपचूप छाटली जातात. चूक दाखविली जात नाही. ‘अल्फकी’च्या पुढे कोणी काहीही जोडले, तरी कार्यविधीला अल्फकीच दिसतो आणि त्याची माहिती तो देऊन टाकतो. म्हणून प्राचलाची लांबी रकान्याच्या लांबीशी जुळती तर असावीच, शिवाय आलेल्या मूल्याची लांबी बोलावणाऱ्या प्रोग्रामने अगोदर तपासावी.

परवानगीची व्यवस्था हा ह्या विषयाचा दुसरा भाग आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एखाद्या व्यक्तीस कोष्टके पाहण्याची मुळीच परवानगी न देता केवळ कार्यविधी चालविण्याची परवानगी देता येते. कोष्टके आणि कार्यविधी एकाच मालकाची असतील, तर एवढ्यावर काम भागते. दूरध्वनीवर उत्तर देणाऱ्या मुलीस ‘कस्टऑर्डरहिस्ट’ चालविता येईल, पण सर्व ९१ ग्राहकांची यादी मागता येणार नाही. सर्वांना सर्व कोष्टके उघडी ठेवणारी कार्यालये आजही थोडी नाहीत. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो, केवळ आळस असतो. तथापि परिणामाच्या दृष्टीने दोहोंत फारसे अंतर राहत नाही.

वेगाविषयी थोडक्यातच सांगतो, कारण त्याविषयीचे बरेचसे लिखाण आता जुने झाले आहे. पृच्छा चालविण्यापूर्वी प्रणाली तिचा एक आराखडा ठरविते: कोणते कोष्टक प्रथम वाचावयाचे, कोठे सूचीचा उपयोग करावयाचा, इत्यादी. हा आराखडा जपून ठेवला, तर पुढील वेळी तो नव्याने करण्याचा वेळ वाचतो. पूर्वी हा लाभ मुख्यतः संचित कार्यविधींनाच मिळे. एसक्यूएल सर्व्हरच्या १९९८ सालच्या सातव्या आवृत्तीपासून इतर पृच्छांचे आराखडेही जपून ठेवले जाऊ लागले, आणि कार्यविधीचे हे वैशिष्ट्य बव्हंशी संपले. उलट जपलेल्या आराखड्याची एक अडचण आहे. तो पहिल्या वेळी आलेल्या मूल्याकडे पाहून ठरतो. नॉर्थविंडमधील ‘सेव्ह-अ-लॉट मार्केट्स’ ह्या ग्राहकाच्या ३१ मागण्या आहेत, तर ‘सेंत्रो कोमेर्सियाल मोक्तेसुमा’ची केवळ एक. एवढ्या लहान संग्रहात ह्याने काही बिघडत नाही. परंतु एकाच्या लाखो नोंदी आणि दुसऱ्याची एकच नोंद असेल, तर एकासाठी केलेला आराखडा दुसऱ्याला अगदी गैरसोयीचा ठरतो. कार्यविधी काल झटपट चालत होता आणि आज रेंगाळतो आहे, अशी तक्रार आली तर प्रथम येथे पाहावे.

येथवर कार्यविधीचे गुण पाहिले. त्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: मागणाऱ्यास आतले दिसत नाही. परंतु गुणाचे जे मूळ तेच धोक्याचेही मूळ आहे. ज्यास आतले दिसत नाही, तो आलेले उत्तर प्रमाण मानून चालतो. म्हणून कार्यविधी लिहिणाऱ्याची जबाबदारी स्वतःपुरती पृच्छा लिहिणाऱ्याहून कितीतरी मोठी आहे. नॉर्थविंडमधील कार्यविधी ह्या दृष्टीने तपासले तर पुष्कळ शिकावयास मिळते.

प्रथम ‘कस्टऑर्डरहिस्ट’च घेऊ. नॉर्थविंडच्या ९१ ग्राहकांपैकी दोघांनी एकही मागणी केलेली नाही. एक माद्रिदचा व एक पॅरिसचा. ह्यांपैकी माद्रिदच्या ग्राहकाचे सांकेतिक नाव ‘फिस्सा’. ते दिले असता रिकामे कोष्टक येते. त्या संग्रहात मुळीच नसलेले नाव दिले तरीही रिकामेच कोष्टक येते. पहिल्या रिकामेपणाचा अर्थ ‘ह्या ग्राहकाने काही नेले नाही’ असा आहे. दुसऱ्याचा अर्थ ‘तुम्ही नाव चुकीचे लिहिले’ असा आहे. दोन्ही उत्तरे दिसावयास सारखीच. ग्राहक खरोखर अस्तित्वात आहे की नाही हे पाहण्यासाठी ‘कस्टमर्स’ ह्या कोष्टकाचा उपयोग करता आला असता. ते कोष्टक जोडले, आणि जे त्याचे खरे काम ते मात्र त्याकडून घेतले नाही. रुग्णालयाच्या डेटाबेसमध्ये एखाद्या रोग्याची औषधांची ॲलर्जी शोधणारा कार्यविधी असाच लिहिलेला असेल, तर क्रमांकातील एक आकडा चुकल्यावर जे रिकामे कोष्टक येईल, त्याचा अर्थ वैद्य काय घेतील ह्याचा विचार करावा.

‘टेन मोस्ट एक्स्पेन्सिव्ह प्रॉडक्ट्स’ हा कार्यविधी सर्वांत महाग दहा जिन्नस देतो. पहिला ‘कोत द ब्लाय’ हे मद्य, किंमत २६३.५०, दहावा आपला परिचित सॉअरक्राउट, किंमत ४५.६०. हे उत्तर निर्दोष आहे. परंतु दहाच्या ऐवजी अकरा मागितले असते, तर अकराव्या जागेसाठी ४३.९० अशी एकच किंमत असलेले दोन जिन्नस पुढे आले असते, आणि त्यांतील कोणता घ्यावयाचा हे प्रणालीने आपल्या सोयीने ठरविले असते. क्रम लावताना किंमतीनंतर दुसरा निकष, उदाहरणार्थ जिनसाचे नाव, सांगून ठेवणे ह्यासाठी अवश्य असते.

‘सेल्स बाय इयर’ ह्या कार्यविधीस दोन तारखा द्यावयाच्या असतात. तो त्या दोहोंच्या दरम्यान माल रवाना झालेल्या मागण्या देतो. ८३० मागण्यांपैकी २१ मागण्यांचा माल रवाना झाल्याची नोंद नाही. तो रकाना ‘नल’, म्हणजे मूल्यहीन आहे. मूल्यहीन गोष्टीची तुलना कोणत्याही तारखेशी केली, तरी ती अटीत बसत नाही. म्हणून कितीही विस्तृत काळ दिला तरी उत्तरात ८०९ पेक्षा अधिक मागण्या येणार नाहीत. ह्याउलट ‘सेल्सबायकॅटेगरी’ हा जिनसांच्या वर्गवारीनुसार विक्री देणारा कार्यविधी माल रवाना झाल्याची तारीख पाहत नाही. मागणी नोंदविल्याची तारीख पाहतो. डिसेंबर १९९७ च्या अखेरीस नोंदविलेली आणि जानेवारी १९९८ मध्ये रवाना झालेली मागणी एकाच्या मते १९९८ ची, दुसऱ्याच्या मते १९९७ ची. दोन्ही रीती समर्थनीय आहेत. परंतु एकाच पेढीच्या दोन टेबलांवर ‘१९९७ ची विक्री’ म्हणून दोन निरनिराळे आकडे असावेत आणि त्याचे कारण कोणासच सांगता येऊ नये, ही स्थिती बरी नव्हे. कार्यविधीच्या मजकुरातच त्याची व्याख्या साध्या भाषेत लिहून ठेवावी. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एसपी हेल्पटेक्स्ट’ ह्या आज्ञेने कार्यविधीचा मजकूर पाहता येतो. ज्यांना परवानगी आहे त्यांनी तो पाहण्याचा कंटाळा करू नये.

सर्वांत बोधप्रद गोष्ट ‘सेल्सबायकॅटेगरी’तच आहे. त्याला वर्गाचे नाव आणि वर्ष अशी दोन प्राचले आहेत. वर्ष १९९६, १९९७ किंवा १९९८ ह्यांपैकी नसेल, तर कार्यविधी ते स्वतःच १९९८ करून टाकतो आणि पुढे चालतो. तुम्ही १९९५ लिहा, २००५ लिहा, हाताच्या चुकीने १९७९ लिहा. उत्तर येईल ते १९९८ चे, आणि त्यात कोठेही वर्ष लिहिलेले नसेल. शिवाय नॉर्थविंडच्या मागण्या ६ मे १९९८ रोजी संपतात. म्हणजे मागणाऱ्याच्या हाती पडते ती भलत्याच वर्षातील पहिल्या चार महिन्यांची बेरीज, आणि तो ती आपण मागितलेल्या पूर्ण वर्षाची म्हणून अहवालात उतरवून घेतो. लेखकाचा हेतू बहुधा चांगलाच असावा. चुकीच्या प्राचलाने रिकामे उत्तर येऊ नये असे त्यास वाटले असावे. परंतु रिकाम्या उत्तराने माणूस निदान थबकतो. भरलेल्या चुकीच्या उत्तराने तो थबकत नाही.

ह्या कार्यविधीची दुरुस्ती अवघड नाही. आत येताच त्याने दोन गोष्टी पाहाव्यात. दिलेला वर्ग ‘कॅटेगरीज’ कोष्टकातील आठ वर्गांपैकी आहे काय, आणि दिलेले वर्ष ‘ऑर्डर्स’मधील पहिल्या व शेवटच्या तारखांच्या दरम्यान पडते काय. ही मर्यादा तीन वर्षांचे आकडे मजकुरात लिहून ठरवू नये. ती त्या वेळी कोष्टकातूनच काढावी, म्हणजे नवीन मागण्या आल्यावर ती आपोआप पुढे सरकते. दोहोंपैकी एकही तपासणी फसली, तर कार्यविधीने ‘रेझएरर’ ह्या आज्ञेने कारण सांगून तेथेच थांबावे. उत्तरात वर्षाचा एक रकाना अवश्य द्यावा, आणि १९९६ व १९९८ ही वर्षे अपुरी असल्यामुळे मोजणीची पहिली व शेवटची तारीखही द्यावी. दुरुस्ती झाल्यावर तीन चाचण्या घ्याव्यात. ‘बेव्हरेजेस’ व १९९७ दिले असता पेयांच्या विक्रीचे कोष्टक यावे. ‘बेव्हरेजेस’ व २००५ दिले असता नकार यावा. आणि ‘बेव्हरेज’ असे एक अक्षर चुकलेले नाव व १९९७ दिले असता तोही नकारच यावा, पण त्याचे कारण वेगळे लिहिलेले असावे. ह्यानंतर एखाद्या खऱ्या वर्गाची एखाद्या खऱ्या वर्षी काहीच विक्री झाली नाही असा प्रसंग आला, तर जे रिकामे कोष्टक येईल ते मात्र तसेच येऊ द्यावे, कारण त्या वेळी तेच त्या प्रश्नाचे उत्तर असेल.